पाताळरावांची वीतभर माती

पाताळरावांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. त्यांना स्वतःलाही ते सही करतानाच आठवत असावं. उभा जन्म त्यांनी जमिनीला भोकं पाडण्यात घालवला. बोअरची गाडी, तिच्यावरचा लोखंडी मनोरा, कानठळ्या बसवणारं इंजिन आणि खाली खाली जाणारे पाइप, एवढाच त्यांचा संसार. लग्न राहूनच गेलं. कुणी कारण विचारलं तर म्हणत, एके ठिकाणी ठरवायला नेलं होतं, पण मुलीकडे बघायचं सोडून त्यांच्या अंगणात पाणी कुठे लागेल तेच बघत बसलो. माणूस सहा फुटांचा आणि मान कायम खाली. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात, पाताळराव समोरच्याच्या चपलेखालच्या जमिनीकडे बघून बोलत. बरं, बोलणं तरी कसं, तर इंजिनावर आवाज चढवायची सवय हाडीमाशी भिनलेली. त्यांनी कुणाच्या कानात काही सांगितलं की ते पलीकडच्या गल्लीत पोचलेलं असे. त्यामुळे गुपित म्हणून त्यांना कुणी काही सांगायला जात नसे.

गाव वाळूवर वसलेलं. नदी कधीकाळी इथून वाहत होती. मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे, कूस बदलून ती लांब गेली आणि अंथरूण तेवढं इथे टाकून गेली. अशा वाळूत बोअर मारणं म्हणजे कसरत. भोक पाडावं तर कडा आत ढासळतात. म्हणून बोअरवाले बेंटोनाइट नावाची चिकणमाती वापरतात. ती पाण्यात कालवली की फुगते, दह्यासारखी दाट होते, भोकाच्या भिंतीला लिंपल्यासारखी बसते आणि मग ती भिंत ना ढासळते ना पाण्याचा थेंब इकडचा तिकडे जाऊ देते. या लिंपणात पाताळरावांचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. कालवलेली माती दोन बोटांत घेऊन ती झाली की नाही हे ते असे सांगत, जसं एखादी सुगरण पाक बघून सांगते.

पण दुष्काळाची वर्षं एकामागून एक आली आणि खालचं पाणी खाली खाली पळत सुटलं. पाताळराव सरळमार्गी माणूस. गिऱ्हाईक आलं की तेच म्हणायला लागले, नका मारू बोअर, धूळ निघेल. दोघातिघांनी तरीही हट्टाने मारून घेतली आणि धूळच निघाली. शेवटी त्यांनी मशीन विकून टाकलं. सगळ्या गावाचे दात पडल्यावर दातांच्या डॉक्टरने दवाखाना उघडा ठेवून करायचं काय? जुनी पिकअप गाडी आणि शेडमधली बेंटोनाइटची काही पोती तेवढी उरली. आणि ताई.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. एकच घर, एकच व्हरांडा, दारं दोन. डावीकडच्या दारात ताई, उजवीकडच्यात पाताळराव, आणि जेवायला दोघं डावीकडे. ताईच्या मीठ टाकण्यावरून, पाताळरावांच्या रेडिओवरून आणि व्हरांड्यातला दिवा कुणी बंद करायचा यावरून त्यांचं रोज वाजे. एवढ्या धिप्पाड माणसाला ताई ‘छोट्या’ म्हणून हाक मारी आणि तो ‘ओ’ देई. गल्लीतली पोरं त्यावर हसत. शेजारचा शिंपी तर हसण्यासाठी मशीन थांबवत असे.

घरामागे परस होतं, ते ताईचा जीव की प्राण. वांगी, टोमॅटो, काकड्या, मांडवावर भोपळा. एक टोमॅटो मागायला आलेल्या माणसाला ताई चार टोमॅटो आणि आठ सल्ले देई. पण परसातही तीच वाळू. ओल्या वर्षांत ती खपून जाई, दुष्काळात मात्र वाळूला पाणी घालणं म्हणजे चाळणीत दूध तापवणं. टँकरपुढे रांग लावून आणलेली बादली वाफ्यात ओतावी, तिने ‘फुस्स’ करावं आणि दुपारपर्यंत पानांनी माना टाकाव्यात. खालचं पाणी पाताळरावांना सापडत नव्हतं आणि वरचं पाणी ताईला टिकवता येत नव्हतं.

एका दुपारी ताई शेंगा सोलत बसली होती. सोलता सोलता, मीठ संपलंय हे सांगावं त्या सुरात तिने सांगून टाकलं. या उन्हाळ्यात परस उभं राहिलं तर ठीक, नाहीतर उन्हाळा सरताना लेक गाडी घेऊन येणार आहे, तिच्याबरोबर जाते. कायमची.

लेक म्हणजे पाताळरावांची भाची. शहरात तिचं चष्म्याचं दुकान होतं, पाचव्या मजल्यावर घर होतं, लिफ्ट होती, गॅलरी होती. कितीतरी महिने ती आईला बोलावत होती आणि तिचं काही चुकत होतं असंही नाही.

पाताळराव म्हणाले, “बरं.”

एवढंच. मग ते बाहेर गेले आणि विजेच्या खांबावरची पाटी वाचत उभे राहिले. पाटीवर ‘धोका’ एवढा एकच शब्द होता. तो वाचायला त्यांना इतका वेळ का लागतोय हे शिंप्याला कळेना.

त्यांच्या घराण्याची एक रीत होती. जाणाऱ्याला ‘जाऊ नकोस’ म्हणायचं नाही. वडील म्हणत, निघालेल्याचे पाय धरणं म्हणजे त्याची चप्पल लपवण्यातलाच प्रकार. त्यामुळे कुणी निघालं की या घरात ‘डबा घेतलास का’ एवढंच विचारलं जाई. ताई लग्न होऊन गेली तेव्हा वडिलांनी तिला ‘उशीर होतोय’ म्हणून वाटेला लावलं आणि मग दिवसभर नळाची तोटी दुरुस्त करत बसले, नळ धड असताना. पुढे ताईचे यजमान गेले, तेव्हा पाताळरावांनीही ‘ये’ म्हणून कळवलं नव्हतं. डावीकडच्या खोलीला नवा रंग मारला, खिडकीला जाळी बसवली आणि ‘खोली रिकामी आहे, पाली होतायत’ असं कुणाकरवी तिच्या कानावर घातलं. ताई आली. अशा घरातला माणूस आता ‘राहा’ कसं म्हणणार? ज्याला बोलता येत नाही त्याने निदान काहीतरी करावं, म्हणून पाताळराव करण्यासारखं काही सापडतंय का ते हुडकू लागले.

ते सापडलं वीटभट्टीच्या पलीकडच्या एका रिकाम्या प्लॉटवर. काही वर्षांपूर्वी त्यांनी तिथे बोअर मारली होती, तीही कोरडी. उरलेलं बेंटोनाइट गाडीवरच्या पोरांनी बाजूच्या खड्ड्याभोवती ओतून दिलं होतं. आता सगळं रान करपलेलं असताना नेमक्या त्या तुकड्यावर हिरवं गवत होतं, आणि गवतातून कुणाला न विचारता एक रानवेल चढली होती. पाताळराव उकिडवे बसले. बोट खुपसलं. आत गारवा. आयुष्यभर शेकडो फूट खाली ज्याच्यामागे धावलो ते इथे बोटभर अंतरावर बसलंय हे बघून त्यांना जरा रागच आला. मग मात्र ते उठले आणि पिकअप अशी हाणली की वाटेतल्या कोंबड्यांनी आपल्याला पंख असल्याची पहिल्यांदाच खात्री करून घेतली.

त्याच दिवशी शेडमधली पोती बाहेर आली. ताईला त्यांनी काही सांगितलं नाही, फक्त वांग्याचा एक वाफा मागितला. ताई म्हणाली, घे, तसाही तो मरायलाच टेकलाय. पाताळरावांनी ड्रममध्ये पाणी घेतलं, बेंटोनाइट कालवलं, दोन बोटांत घेऊन बघितलं आणि मान डोलावली. मग वांग्याच्या प्रत्येक रोपाभोवती गोल खड्डा काढून त्याला आतून असं सुरेख लिंपलं की बघत राहावं. कुठे भेग नाही, कुठे फट नाही. हातांनी जन्मभर जे केलं तेच पुन्हा केलं. मातीचं काम काय, तर पाणी भिंतीपलीकडे जाऊ द्यायचं नाही.

ताईने बादली ओतली. पाणी उभं राहिलं. संध्याकाळी बघितलं, उभंच. दुसऱ्या दिवशीही. परसात पाणी थांबलेलं बघायला गल्ली लोटली. शिंपी गळ्यात टेप अडकवून आला आणि पाण्यात मासे कधी सोडताय म्हणून विचारू लागला. पाताळरावांनी त्याला उदार मनाने हसू दिलं. त्यांची छाती नुसती फुगली होती, अगदी बेंटोनाइटसारखी.

मग वांग्यांची पानं पिवळी पडली. मग देठ मऊ झाले. मग रोपं एका बाजूला कलली, जशी पोहता न येणारी माणसं कलतात. ताईने एक रोप उपटून नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. मुळं कुजली होती. बशीत ठेवावं तसं पाणी तिथल्या तिथे राहिलं, मुळांना श्वास घ्यायला जागा उरली नाही, आणि पलीकडच्या कोरड्या वाळूत शिरायचीही सोय नाही, कारण मध्ये पाताळरावांची भिंत.

“छोट्या,” ताई म्हणाली, “अख्खा मुलूख पाण्यावाचून तडफडतोय आणि माझी वांगी बुडून मेली.”

आणि ती हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून, मग परसातल्या कोरड्या विहिरीच्या कठड्यावर बसून. त्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदाच अशी हसली. शिंपी हसला, पोरं हसली, शेवटी बुडवणाऱ्यालाही हसू आवरेना. हसून झाल्यावर डोळे पुसत ताई म्हणाली की एक वाफा गेला, म्हणजे माझं जाणं ठरल्यातच जमा आहे. तेव्हा पाताळरावांचं हसू मधेच अडकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन डबे भरले. एकात परसातली वाळू, एकात त्या हिरव्या तुकड्यावरची माती, एकात शेडमधलं बेंटोनाइट. ते घेऊन ते मोठ्या गावातल्या माती तपासणी केंद्रात गेले. तिथे एक तरुण बाई होत्या, पांढरा कोट घातलेल्या, कोटाच्या खिशात बिस्किटं. पाताळरावांनी आपल्या आवाजात सगळं सांगितलं. त्यामुळे ते फक्त बाईंनीच नाही, वरच्या मजल्यानेही ऐकलं. बाई आधी मनसोक्त हसल्या, मग त्यांनी एक बिस्कीट पुढे केलं आणि मग समजावून सांगितलं.

वाळूचा कण म्हणजे वाटाणा, त्या म्हणाल्या. वाटाण्यांच्या ढिगावर पाणी ओता, सरळ खाली. चिकणमातीचा कण म्हणजे इतक्या बारीक पानांची चळत की नुसत्या डोळ्यांना दिसायची नाही. पाणी त्या पानांच्या मध्ये शिरून बसतं, खतातला कसही पानांना धरून राहतो. पण ही पानं वाळूत सगळीकडे विखुरली पाहिजेत, वाटाण्यांच्या मधे मधे. तुम्ही सगळी पानं एकत्र चिकटवून पुठ्ठा केलात. त्या प्लॉटवर मात्र ओतलेली माती वाळली, फुटली, वर्षानुवर्षं शेळ्यांनी ती तुडवून वाळूत मिसळली.

“म्हणजे काका, तुमच्या आधी शेळ्यांनी काम बरोबर केलं होतं,” बाई म्हणाल्या.

पाताळरावांनी ते मान्य केलं. ते म्हणाले, आमच्याकडच्या शेळ्या एकंदरीतच हुशार आहेत.

आणखी एक गोष्ट बाईंनी बजावली. हे पोत्यातलं बेंटोनाइट वाफ्यात घालू नका. बोअरसाठी त्यात सोड्याचा अंश असतो. भोकाला तो चालतो, पण शेतात जास्त झाला तर माती घट्ट बसते आणि पिकं रुसतात. साधी, फुगणारी चिकणमाती कुठे मिळते का बघा, मला आणून दाखवा. ती वरच्या वीतभर थरात मिसळा, सोबत कुजलेलं खत घाला, वरून पालापाचोळा पसरा. एक वाफा मात्र आहे तसाच सोडा, म्हणजे फरक पडला की नाही हे मनाला फसवता येणार नाही. आणि हेही लक्षात ठेवा, माती पाणी तयार करत नाही. तुम्ही द्याल तेवढंच ती जपून ठेवील.

परत येताना पाताळरावांच्या डोक्यात एकच विचार, चिकणमाती कुठे. आणि तो डोक्यात शिरल्या शिरल्या उत्तरही आलं, कारण गावाच्या आसपास जमिनीच्या पोटात काय आहे हे त्यांना स्वतःच्या पोटापेक्षा जास्त ठाऊक. गावाबाहेरचा तलाव आटून भेगाळला होता. तिथल्या मातीने त्यांचं यंत्र एकदा असं गिळून धरलं होतं की दोन दिवस शिव्या घालूनही सोडलं नव्हतं. ज्या मातीला त्यांनी आयुष्यात सर्वांत जास्त शिव्या घातल्या, तिच्याच ढेकळांचा डबा ते दुसऱ्या दिवशी बाईंकडे घेऊन गेले. बाईंनी ती भिजवली, ढवळली, काचेच्या नळीत ठेवली, आठवड्याने निरोप पाठवला, बेस्ट आहे, आणा. गावच्या कचेरीने तलावातला गाळ न्यायला सगळ्यांना मोकळीक दिलेलीच होती. न्यायला कुणी जात नव्हतं एवढंच.

पिकअप भरून ढेकळं आली. पाताळरावांनी ती वाफ्यात टाकली आणि फावड्याने हाणायला सुरुवात केली. ढेकळं दगडासारखी. फावडं खण्णकन वाजे आणि ढेकूळ जसंच्या तसं बाजूला उडी मारून बसे. त्यांनी वर पाणी मारलं, तर बाहेरून चिखल आणि आत दगड. घामाने निथळत ते त्या चिखलाशी झटत असताना ताई स्वयंपाकघराच्या पायरीवर उभी राहून बघत होती. तिला न बोलणं फार वेळ जमत नसे.

“कणीक कधी मळली आहेस का रे जन्मात?” तिने विचारलं. “पिठात गुठळ्या असताना कुणी पाणी ओततं?”

आणि ती खाली उतरली. तिथून पुढे कारभार तिच्याकडे गेला. ढेकळं आधी उन्हात खडखडीत वाळवायची. मग लाकडी मोगरीने कुटायची. मग गवंड्याकडून आणलेल्या वाळूच्या चाळणीतून चाळायची. वाफा कोरडा असतानाच त्यावर ही भुकटी भुरभुरायची, कोरड्यात कोरडं कालवायचं, दोन्हींचा रंग एक होईतो. मग खत. आणि पाणी सगळ्यांत शेवटी, झारीने, हळूहळू, थांबत थांबत. पाताळरावांनी दोनदा घाईने बादली उचलली आणि दोनदा ताईने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

कुटायचं काम त्यांच्याकडे. ते मोगरी चालवत, ताई चाळत असे, आणि दोघांची तोंडं हातांपेक्षा जोरात चालत. ताईला वाटे छोट्या वरवर कुटतो. छोट्याला वाटे ताई उगाच बारीक चाळते, ही काही पावडर लावून कुठे मिरवायला जायची नाही. शिंपी भिंतीवरून डोकावून दोघांनाही चुका दाखवू लागला. तेव्हा ताईने त्याच्या हातात दुसरी मोगरी दिली. तो नको नको म्हणत आला, आणि मग रोज दुपारी गिऱ्हाइकाचे कपडे तसेच टाकून येऊ लागला. म्हणे, शिवणकामात माणसाला राग काढायला वाव नाही. तिघंही मातीने असे माखत की संध्याकाळी टँकरवाला त्यांना नुसत्या उंचीवरून ओळखत असे.

ताईने एक वाफा तसाच सोडला आणि अर्धं परस असं तयार केलं. नवी रोपं लागली. दोन्हीकडे पाणी सारखंच, झारीचं माप एकच. सोडलेल्या वाफ्यात ते नेहमीसारखं ‘फुस्स’. मातीच्या वाफ्यात मात्र ताई सकाळी बोट खुपसे आणि बोटाला गारवा लागे. दुपारी खुपसे, गारवा. दुसऱ्या दिवशी वरचा पाचोळा वाळून कडकडायला लागला तरी खाली बोट ओलं. येणाऱ्या जाणाऱ्याला ती हात धरून परसात न्यायची आणि त्याचं बोट वाफ्यात खुपसायला लावायची. टपालवाल्याचं बोट खुपसलं गेलं, मीटर बघणाऱ्याचं खुपसलं गेलं. एक विमेवाला चुकून आला होता, त्याचंही. तो पुन्हा आला नाही, पण गारवा आहे हे कबूल करून गेला.

चमत्कार झाला असं कुणी म्हणू नये. टोमॅटोंची निम्मी फुलं ऊन न सोसून गळालीच. काकड्या बोटाएवढ्या राहिल्या. पण वांगी उभी राहिली, जांभळी झाली, आणि भोपळा तर मांडव सोडून शिंप्याच्या भिंतीवर जाऊन बसला. ताई पहाटे उठून परसात जाई आणि वेलीशी बोलत असे. पाताळराव खिडकीतून ऐकत. जायचं की नाही याबद्दल ती वेलीशीही काही बोलत नव्हती.

विचारावं असं त्यांना रोज वाटे. रोज ते जेवायला बसल्यावर घसा खाकरत, ताई मान वर करून बघे, आणि ते म्हणत, मीठ कमी आहे.

अशातच भाचीचा फोन आला. दुकानाला सुट्टी मिळाली, म्हणून ती ठरल्यापेक्षा आधीच, उद्याच येत होती. ताई म्हणाली, “ये.” एवढंच. पाताळरावांनी डावीकडच्या दारातून कपाटं उघडल्या-मिटल्याचे आवाज ऐकले. सकाळी भाचीची पांढरीशुभ्र गाडी दारात लागताना त्यांनी पाहिली, भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला, प्रवास कसा झाला ते विचारलं, आणि तलावावरून माती आणायची आहे असं सांगून पिकअप काढली. मातीची काही घाई नव्हती. तोटी दुरुस्त करत बसणाऱ्या बापाचा मुलगा तो, आणखी काय करणार?

तलावावर त्यांनी गाडी भरली. एवढी भरली की टायर बसले. मग त्यातली थोडी उतरवली. मग पुन्हा चढवली. दुपार कलल्यावर, आता सगळं आटोपलं असेल असा हिशेब करून ते निघाले. सबंध वाटेत त्यांनी रस्त्याकडे बघितलं, आजूबाजूच्या जमिनीकडे एकदाही नाही.

दारात पांढरी गाडी नव्हती. व्हरांडा रिकामा. डावीकडच्या दाराला कडी. पाताळराव पायरीवर बसले. त्यांना वाटलं, निदान डबा घेतलास का हे तरी विचारायला थांबायला हवं होतं. शेजारी शिंप्याचं मशीनही बंद होतं. बरोबरच आहे, त्यांच्या मनात आलं, तोसुद्धा निरोप द्यायला फाट्यापर्यंत गेला असणार.

मग घरामागून आवाज आला. कुणीतरी कुणाला तरी चाळणी कशी धरायची ते शिकवत होतं, आणि शिकवणारीच्या सुरात शिकणारीबद्दल फारसा आदर नव्हता.

पाताळराव धावले. या वयात आणि या देहाने ते धावले, हे शिंप्याने पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगितलं. परसाच्या मागच्या बोळात पांढरी गाडी उभी होती, पण आता ती शुभ्र म्हणण्यासारखी राहिली नव्हती. डिकी उघडी, आणि डिकीत, मागच्या सीटवर, पुढच्या सीटखाली कुजलेल्या शेणखताची पोती. भाची बाह्या दुमडून, चष्मा कपाळावर चढवून चाळणी हलवत होती. शिंपी कुटत होता. ताई कमरेवर हात ठेवून उभी होती.

“कुठे होतास?” तिने विचारलं. “गोठेवाल्याकडून खत आणायचं होतं आणि तू गाडी घेऊन पसार. शेवटी हिची नेली. वास मारतोय म्हणून रडतेय मघापासून.”

“रडत नाहीये,” भाची म्हणाली. “नाक धरलंय.”

पाताळराव वाफ्याकडे बघत विचारते झाले की मग निघायचं कधी आहे. ताईने उत्तर द्यायच्या आधी भाचीनेच चाळणी खाली ठेवली. आल्या आल्या आईने तिचं बोटही वाफ्यात खुपसलं होतं. पाठोपाठ तिने सांगितलं होतं की अजून अर्धं परस व्हायचं आहे आणि ते होईपर्यंत कुठे जायचा प्रश्नच येत नाही. त्यानंतर शेजारची पडीक जागा आहे. त्यानंतर गल्लीतली निम्मी परसं आहेत, लोक विचारून गेलेत.

“मला फोनवर तरी सांगायचं, मी गाडी धुऊन आणली नसती,” भाची म्हणाली. “आणि मामा, तू. आई तुझ्या एका शब्दासाठी रोज मिठाचं बोलणं ऐकून घेत होती.”

ताईने तिला गप्प बसवलं. ती मातीचे हात झटकत दुसरीकडे बघू लागली. मग बघत असतानाच म्हणाली, “याच्या तोंडून निघायचं नाही ते. बापाच्याही नाही निघालं.”

पाताळरावांनी घसा खाकरला. शिंपी कुटायचा थांबला. आता पुन्हा मीठच येतंय की काय असं सगळ्यांना वाटलं. पाताळरावांनी मान वर केली, जमिनीवरून उचलून थेट बहिणीच्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हणाले, “ताई, जाऊ नकोस.”

हळूच म्हणायचं होतं. पण त्यांच्याकडे तो प्रकारच नव्हता. इंजिन चालू असल्यासारखे ते शब्द परसातून बोळात, बोळातून रस्त्यावर गेले, भोपळ्याच्या मांडवावरच्या चिमण्या उडाल्या, आणि पलीकडच्या गल्लीतून कुण्या बाईने ओरडून विचारलं, कोण जातंय?

“कुणी नाही,” शिंप्याने भिंतीवरून ओरडून कळवलं. “राहतायत.”

ताईचे डोळे भरले की चाळणीतली धूळ गेली हे तिलाच माहीत. तिने बाहीने ते पुसले, त्यामुळे गालावर मातीचा एक पट्टा उठला. भाचीला हसू फुटलं. पाताळराव मात्र अजून तसेच उभे, आपण काय बोललो याचा अंदाज घेत असल्यासारखे. कान लाल, चेहऱ्यावर असं हसू की कुठे ठेवावं कळत नाहीये.

“ऐकलं,” ताई म्हणाली. “साऱ्या गावाने ऐकलं. आता ती पिकअप मागे घे, ऊन आहे तोवर ढेकळं पसरून होतील.”

पाताळराव पिकअपकडे गेले. ती मागे घेताना त्यांनी बोळाकडच्या कुंपणाचा एक खांब किंचित वाकवला. एरवी ताईने त्यावरून दोन दिवस ऐकवलं असतं. त्या दिवशी ती म्हणाली, राहू दे, वेल चढवायला बरा झाला.